तीच रेकॉर्ड पुन्हा कशी घ्यावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

आपल्याकडे एखादी आवडती रेकॉर्ड असते, ती एकच असते आणि ती लावली की बरं वाटतं. ही अवस्था फार काळ टिकू देऊ नये. तीच रचना, तोच वाद्यवृंद, तोच कंडक्टर, तीच मूळ टेप आणि तरीही वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या कारखान्यांत दाबलेल्या तबकड्या, म्हणजे वेगवेगळी प्रेसिंग. त्या समोरासमोर ठेवून त्यांतली खरी कोणती हे ठरवणं, हा छंद इथे अगदी पहिल्यापासून शिकवला आहे. पूर्वज्ञानाची गरज नाही. संगीताचं ज्ञान असेल तर सुरुवातीला थोडा अडथळा होतो, पण सवयीने तो जातो.

अभ्यासासाठी नमुना म्हणून फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांची ‘शेहेराजाद’ घेऊ. आरसीए व्हिक्टरने ती ८ फेब्रुवारी १९६० रोजी शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये मुद्रित केली. निर्माता रिचर्ड मोहर, ध्वनिमुद्रक लुइस लेटन, एकल व्हायोलिनला सिडनी हार्थ. वादन अप्रतिम आहे, पण हा नमुना निवडण्याचं कारण ते नव्हे. साठ वर्षांहून अधिक काळ ही रेकॉर्ड या ना त्या रूपात पुन्हा पुन्हा बाजारात येते आहे, त्यामुळे अभ्यासक्रम संपण्याची भीती नाही, हे खरं कारण. रिम्स्की-कॉर्साकोव्हने ही रचना १८८८ साली पूर्ण केली आणि रायनरचा जन्मही बुडापेस्टमध्ये १८८८ सालीच झाला. या योगायोगाचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. तरी तो पाठ करून ठेवावा. वादात हरायला लागलं की कामाला येतो.

कथा आपल्या ओळखीची आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या कृपेने ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठी घरांत कधीच्याच येऊन बसल्या आहेत. शहरियार राजा रोज नवी बायको करायचा आणि सकाळी तिचा शिरच्छेद करायचा. शेहेराजादने गोष्टी अर्धवट सोडून सोडून त्याचा हा नाद सोडवला. रेकॉर्डवाला शहरियारपेक्षा पुष्कळ दयाळू असतो. तोही सारखी नवी आणतो, पण जुनीला हात लावत नाही. दोघींना एकाच कपाटात शेजारी शेजारी उभं करतो आणि तिसरीच्या शोधाला लागतो.

पायरी पहिली : कुत्रा पाहणे

रेकॉर्ड ऐकण्याआधी तिचं लेबल वाचतात. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेला कुत्रा आपल्याला एचएमव्हीमुळे लहानपणापासून माहीत आहे. अमेरिकेत त्या चित्राचे हक्क व्हिक्टरकडे, म्हणजे पुढे आरसीएकडे होते. निपर हे त्या कुत्र्याचं नाव. तो १८९५ साली वारला आणि फ्रान्सिस बरॉड या चित्रकाराने त्याचं चित्र त्यानंतर काढलं. आधी चित्रात सिलिंडरचा फोनोग्राफ होता. तो पुसून बरॉडने तबकडीचा ग्रामोफोन रंगवला. म्हणजे ज्या यंत्रासमोर हा कुत्रा अजरामर झाला ते त्याने हयातीत ऐकलंच नव्हतं. तज्ज्ञ म्हणून पुढे आपली जी कारकीर्द होणार आहे तिच्यासाठी हा शुभशकुन मानावा.

१९६० च्या तबकडीवर गडद लाल लेबल असतं आणि कुत्र्यामागे सावलीसारखी छटा असते. जाणकार तिला ‘शेडेड डॉग’ म्हणतात. साधारण १९६४ नंतर ती छटा गेली आणि कुत्रा पांढऱ्या रेषांत उरला. तो ‘व्हाइट डॉग’. साठचं दशक संपता संपता कुत्राच गेला. कुत्रा फिका होत गेला तशी आजच्या बाजारातली किंमतही उतरत जाते. शेवटच्या, बिनकुत्र्याच्या काळात आरसीएने ‘डायनाफ्लेक्स’ नावाच्या पातळ तबकड्या काढल्या. त्या हातात धरल्या की वाकतात. वाकणं हा दोष नसून गुण आहे असं कंपनी तेव्हा जाहिरातींतून सांगत असे. नवशिक्याने विश्वास ठेवू नये, पण टाकूनही देऊ नयेत. तुलनेत कुणीतरी शेवटचं यावंच लागतं.

ब्रिटनमध्ये त्या काळी आरसीएच्या रेकॉर्डी डेक्काच्या कारखान्यात निघत. मूळ मुद्रण तेच, पण लंडनच्या दुकानातली प्रत आणि शिकागोच्या दुकानातली प्रत वेगळी ऐकू येते, आणि शांतपणाच्या बाबतीत बऱ्याचदा लंडनवाली उजवी ठरते. अमेरिकी माणसासमोर हे बोलू नये.

पायरी दुसरी : कोरा पट्टा वाचणे

खरं शिक्षण इथून सुरू होतं. संगीत संपतं ती खाच आणि लेबल यांच्या मधे चकचकीत मोकळा पट्टा असतो. त्यावर बारीक अक्षरं असतात, काही ठोकलेली तर काही हाताने खरवडलेली. त्यासाठी टेबललॅम्प आडवा धरावा लागतो, तबकडी तिरकी करावी लागते आणि चाळिशी ओलांडली असेल तर भिंगही लागतं. घरातलं कुणी ‘काय शोधतोयस?’ म्हणून विचारेल. ‘काही नाही’ एवढंच उत्तर द्यावं. खरं उत्तर अर्ध्या तासाचं असतं.

तबकडी कशी जन्मते हे माहीत असल्याशिवाय ही अक्षरं कळत नाहीत. टेपवरचा आवाज आधी लेथवर एका लॅकर लावलेल्या मऊ तबकडीत कोरतात. तिच्यावर चांदीचा थर देऊन निकेल चढवतात आणि ते कवच उचकटून काढतात. हे झालं उलटं रूप; कारखान्यात त्याला फादर म्हणतात. फादरवरून सुलटी मदर, मदरवरून पुन्हा उलटे स्टँपर, आणि स्टँपरच्या जोडीत गरम व्हिनाइलचा गोळा दाबला की तुमची रेकॉर्ड. एक स्टँपर जेमतेम हजारभर तबकड्या काढून थकतो. आरसीएच्या क्रमांकाच्या शेवटी ‘१ एस’, ‘५ एस’ असं काही असतं. ते सांगतं, हे कितव्या लॅकरचं अपत्य. पुढचं ‘आय’ म्हणजे इंडियानापोलिसचा कारखाना, ‘आर’ म्हणजे न्यू जर्सीतलं रॉकअवे आणि ‘एच’ म्हणजे हॉलिवूड. कुळ, गोत्र, जन्मस्थान सगळं त्या पट्ट्यावर असतं, आणि हौशी लोक ते पत्रिका जुळवणाऱ्यांच्या गांभीर्यानेच पाहतात.

‘१ एस’ म्हणजे पहिलं लॅकर, म्हणून ते सर्वोत्तम, असं तुम्हाला शपथेवर सांगितलं जाईल. तसं काही नसतं. पहिलं लॅकर कधी घाईत कोरलं जातं, कधी त्यात जोरदार जागा दाबलेल्या असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला इंजिनिअर ते सुधारून घेतो. शिवाय पहिल्या लॅकरची, पण थकलेल्या स्टँपरची शेवटची प्रत आणि पाचव्या लॅकरची ताज्या स्टँपरची पहिली प्रत यांत दुसरी सहज जिंकू शकते. हे ज्याला पटलं त्याचे पैसे वाचतात, त्यामुळे फार कुणाला पटत नाही.

रॉकअवे न्यू जर्सीत आहे, हे मराठी वाचकाने नीट लक्षात घ्यावं. एडिसन आणि आसपासच्या गावांत आपला एखादा भाचा, मावसभाऊ किंवा शाळेतला मित्र असण्याची शक्यता दाट असते. (त्या एडिसन गावातच मेन्लो पार्क येतं, जिथे थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला. भाच्याला हे माहीत नसतं. त्याला तिथलं पटेल ब्रदर्स माहीत असतं.) जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन, मोबाइलचा दिवा तिरका धरून, कोऱ्या पट्ट्याचा फोटो पाठवायला भाच्याला शिकवावं. दिवाळीला येताना त्याच्या बॅगेत बाकी काही नसलं तरी चालेल.

मात्र त्याला तिथून टर्नटेबल आणायला सांगू नये. जुन्या अमेरिकी टर्नटेबलची सिंक्रोनस मोटर विजेच्या ६० हर्ट्झवर फिरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्टचे ११० होतात, हर्ट्झचं काही होत नाही. मग मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी पावणेअठ्ठावीसच्या आसपास पडतात आणि सूर बरोबर कोमल गंधाराच्या अंतराने खाली येतो. ‘शेहेराजाद’चा षड्ज पांढरी तीन, तो काळी एकवर जाऊन बसतो आणि चौथ्या भागातलं जहाज बुडायला दोन मिनिटं जास्त घेतं. या अवस्थेतही ‘जुन्या प्रेसिंगमध्ये काय गांभीर्य आहे!’ असं म्हणणारे श्रोते भेटतात.

पायरी तिसरी : धुणे आणि तोलणे

जुनी रेकॉर्ड म्हणजे जुन्या मालकाची धूळ, बोटं आणि आपल्या किनाऱ्यावर आली की पहिल्याच पावसाळ्यात बुरशी. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवणं. धुण्याआधी तुलना करू नये. धुण्याआधी आपण फक्त दोन घरांतल्या धुळींची तुलना करत असतो.

पुढची गोष्ट कंटाळवाणी आहे, म्हणून बहुतेक जण ती गाळतात आणि त्यामुळेच त्यांचे निकाल ठाम असतात. प्रत्येक प्रेसिंग कमी-जास्त पातळीवर कोरलेलं असतं. एक तबकडी अर्धा डेसिबल जरी मोठी वाजली तरी माणसाला ती ‘मोठी’ वाटत नाही. ‘जिवंत’ वाटते, ‘मोकळी’ वाटते. तेव्हा एकच जागा निवडून, मोबाइलवरच्या मापकाने का होईना, दोन्हींची पातळी सारखी करावी. डायनाफ्लेक्सची तबकडी आणि आजची २०० ग्रॅमची तबकडी यांच्या जाडीत बराच फरक आहे. टर्नटेबलच्या हाताची उंची जाडीप्रमाणे बदलली नाही तर सुई वेगळ्या कोनात उतरते, आणि तुम्ही दोन तबकड्यांऐवजी दोन कोन ऐकत बसता.

निरीक्षणं लिहिताना ‘ऊब’ हे विशेषण टाळावं. ऊब बहुधा झिजलेल्या सुईतून येते.

पायरी चौथी : कुठे ऐकावं

पंचेचाळीस मिनिटांची रचना दर वेळी पूर्ण ऐकली तर तुलना होत नाही, संगीत ऐकून होतं. ठराविक जागा धराव्यात.

सुरुवातीला सुलतान शहरियार येतो : ट्रोम्बोन, ट्यूबा आणि खालची तंतुवाद्यं एकाच सुरात दरडावतात. इथे सगळीच प्रेसिंग प्रभावी वाटतात. लगेच वुडविंड्सचे हलके सूर आणि मग हार्पच्या साथीने एकटं व्हायोलिन, म्हणजे स्वतः शेहेराजाद. इथे भोंदू उघडे पडतात. वाद्यवृंद गप्प झाला की तबकडीचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. ओरखडा असेल तर दर १.८ सेकंदाला ‘टक्’ होतं, कारण एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. या टकटकीची लय धीमी पण निर्दोष असते आणि कोणताही सोलो वादक तिच्याशी जुळवून घेत नाही.

दुसऱ्या भागात भटक्या फकीर-राजपुत्राची गोष्ट बसून नावाचं वाद्य सांगतं. बसूनखाली चारच डबल बेस मंद सूर धरून बसलेले असतात. चांगल्या प्रतीत ते चार वेगळे बसलेले कळतात. सुमार प्रतीत खाली कुणीतरी फ्रिज चालू ठेवला आहे असं वाटतं. माझ्या लेखी अख्ख्या पहिल्या बाजूची परीक्षा या एका मिनिटात होते. १९६० साली कोरणाऱ्यांना ग्राहकांच्या साध्या प्लेअरची काळजी होती. खालचा आवाज फार ठेवला तर घराघरांत सुया उडाल्या असत्या, म्हणून तो आवरून घ्यायची रीत होती. नंतरच्या काळात पुन्हा कोरताना ही भीती उरली नाही. त्यामुळे डबल बेसच्या या जागेवर नवी प्रेसिंग जुन्यांना सरळ हरवतात, आणि शेडेड डॉगवाले इथे पाणी प्यायला उठतात.

तिसऱ्या भागात राजपुत्र आणि राजकन्येचं प्रेम आहे. तंतुवाद्यं गोड वाजतात. पुढे चला.

चौथा भाग हा रणभूमीचा. बगदादचा उत्सव, मग समुद्र, मग जहाज कड्यावर आपटून फुटतं तिथे टॅमटॅमचा एकच घणाघात. रिम्स्की-कॉर्साकोव्ह तरुणपणी नौदलात अधिकारी होता आणि समुद्र कसा आवाज करतो हे त्याने पुस्तकातून घेतलेलं नाही. रायनर अगदी आखूड हातवारे करत असे, छडीचं टोक जेमतेम हलायचं. त्या छोट्या हालचालींतून हा एवढा गदारोळ निघाला यावर विश्वास बसत नाही. तो कोरताना इंजिनिअरपुढे मात्र भूमितीचा प्रश्न होता. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलपाशी जेमतेम २० सेंटिमीटर. तेवढीच माहिती निम्म्याहून कमी जागेत कोंबायची. आणि संगीतकाराने सगळ्यात मोठा आवाज नेमका शेवटी ठेवलेला. १८८८ साली त्याला हे कुणी सांगायला नव्हतं. त्यामुळे बी बाजूच्या शेवटी झांजा फाटतात, पितळी वाद्यं करकरतात आणि लगेच त्यानंतर, अगदी आतल्या खाचांत, व्हायोलिनचा उंच, बारीक, जवळजवळ हवेतला सूर येतो. आधीच्या मालकाने जड हाताच्या प्लेअरवर ही बाजू वाजवली असेल तर तो सूर शिट्टी होऊन येतो. तुलनेचा निकाल इथे लागतो. बाकी सगळं उगाच.

पायरी पाचवी : डोळे झाकून

आतापर्यंत तुम्हाला कोणती तबकडी लागली आहे हे माहीत होतं. म्हणून तुमचं मत काही कामाचं नव्हतं. आता पाठ फिरवून बसा आणि बदलण्याचं काम घरातल्या कुणाला द्या. संवाद साधारण असा होतो :

‘आई, ही दुसरी ना? काय फरक आहे बघ! पडदा उठल्यासारखा वाटतोय.’

‘मघाचीच लावलीय रे. दुसरी कव्हरातून निघेना.’

आईने न सांगता केलेला हा प्रयोग शास्त्रशुद्ध आहे. मुद्दाम अधूनमधून तीच तबकडी पुन्हा लावायला सांगावी. तीच तबकडी दोनदा ऐकून ज्याला फरक सापडतो, त्याला वेगळ्या तबकड्यांत सापडलेला फरक तितकासा मनावर घेऊ नये. ही परीक्षा घेणारे थोडे आणि तिचा निकाल लोकांना सांगणारे त्याहून थोडे.

पण सगळंच मनाचे खेळ आहेत असंही कुणी म्हणू नये. डबल बेसची जागा आणि शेवटचा व्हायोलिनचा सूर, या दोन ठिकाणी पाठ फिरवून बसलेला माणूसही प्रेसिंग बिनचूक ओळखतो. फरक आहे, खरा आहे, आणि लोक सांगतात त्याच्या दशांश आहे. उरलेले नऊ भाग प्रतीच्या अवस्थेचे, सुईचे आणि आदल्या आठवड्यात मोजलेल्या पैशांचे.

निकाल

शेडेड डॉगची कीर्ती मुख्यतः अमेरिकी मासिकांनी वाढवली. १९७३ साली हॅरी पिअर्सनने ‘द अ‍ॅब्सोल्यूट साउंड’ सुरू केलं, त्यात उत्कृष्ट रेकॉर्डींच्या याद्या येऊ लागल्या आणि जुन्या आरसीए तबकड्यांचे भाव चढले ते चढलेच. त्या कीर्तीत तथ्य आहे. ती तबकडी कोरली तेव्हा टेप ताजी होती. आज कितीही काळजी घेतली तरी त्या टेपचं वय साठीपार आहे. व्हायोलिनांच्या सुरावरची झळाळी शेडेड डॉगमध्ये आहे तशी नंतर कुठे मिळत नाही. पण ती मिळायला प्रत स्वच्छ हवी आणि साठ वर्षं स्वच्छ राहिलेली ‘शेहेराजाद’ म्हणजे कुणी न ऐकलेली ‘शेहेराजाद’. लोकांनी ही रेकॉर्ड पार्टीत वाजवली, मुलांना गोष्ट सांगताना वाजवली, नवा स्टिरिओ शेजाऱ्यांना दाखवायला वाजवली. कोऱ्या करकरीत प्रती थोड्या आहेत आणि त्यांचे मालक त्या विकत नाहीत.

मधल्या काळातल्या व्हाइट डॉगवर फार वेळ घालवू नये, पण स्वस्तात स्वच्छ मिळाली तर खुशाल घ्यावी. निम्म्या किमतीत बरंचसं काम होतं. क्लासिक रेकॉर्ड्सने नव्वदच्या दशकात काढलेल्या पुनरावृत्तीत खालचा आवाज भरपूर आणि वरचा जरा धारदार आहे. तुमचे स्पीकर आधीच बोचरे असतील तर ती टाळा. अ‍ॅनालॉग प्रॉडक्शन्सची आवृत्ती रायन स्मिथने कोरली आणि कॅन्ससमधल्या सलायना गावी जाड, शांत व्हिनाइलवर दाबली गेली. चार डबल बेस तिथे चारच ऐकू येतात आणि शेवटचा सूर सूरच राहतो. शेडेड डॉगची झळाळी तिच्यात थोडी कमी आहे.

एकच घ्यायची असेल तर नवशिक्याने सलायनावाली घ्यावी. दोन घ्यायच्या असतील तर दुसरी शेडेड डॉग, मात्र पैसे देण्याआधी बी बाजूचा लेबलजवळचा बोटभर पट्टा उजेडात धरून पाहा. तिथे खाचा पांढुरक्या दिसत असतील तर विक्रेता कितीही वेळा ‘एकदम मिंट आहे’ म्हणो, ती परत ठेवा.